बोंडापासून सदऱ्यापर्यंत

खानदेशची जमीन काळी, कसदार आणि ओल धरून ठेवणारी आहे. तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांतील ही जमीन कपाशीला फार मानवते. पावसाळ्याच्या आरंभी पेरलेली कपाशी दसऱ्याच्या सुमारास फुटू लागते आणि जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शिवारे पांढरी दिसू लागतात. शेतकरी या पिकाला कौतुकाने ‘पांढरे सोने’ म्हणतो.

तुमच्या अंगातील सुती सदरा अशाच एखाद्या शिवारातून आलेला असेल. एका सदऱ्याला सुमारे पाव किलो रुई पुरते. परंतु तेवढ्या रुईचा प्रवास फार लांबचा असतो. शेतात वेचलेला कापूस प्रथम जिनिंगच्या कारखान्यात जातो. तेथे यंत्राने सरकी वेगळी होते आणि रुई वेगळी होते. ती रुई दाबून तिच्या १७० किलो वजनाच्या गाठी बांधतात. एवढी एक गाठ भरण्यास सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. पुढे सूतगिरणीत रुईचे सूत होते, मागावर सुताचे कापड होते, कापडाला रंग चढतो, शिंपी ते बेततो व शिवतो आणि मग दुकानाच्या फळीवर घडी घातलेला सदरा दिसतो. त्यावर किंमत लिहिलेली असते. तो कोणाकोणाच्या हातांतून आला, हे मात्र कोठेच लिहिलेले नसते. या हातांमध्ये पुष्कळदा मुलांचे हात असतात. ते तेथे का येतात आणि कायदा असूनही ते तेथे का राहतात, हे समजण्यासाठी खानदेशचाच इतिहास पाहणे उपयोगी पडते.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला एकाएकी मोठा भाव आला. त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग खानदेशात येऊन पोचला. मग या भागात सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे वाफेवर चालणारे कारखाने उभे राहिले. हे कारखाने बारमाही नव्हते. कापसाचा हंगाम आला की ते सुरू होत आणि हंगाम सरला की बंद पडत. हंगाम थोडा आणि माल पुष्कळ. म्हणून मालकांना यंत्र क्षणभरही थांबलेले खपत नसे. यंत्रांना कापूस पुरविण्याचे काम मुख्यतः बायका करीत. मुंबई सरकारने १८८४ साली नेमलेल्या चौकशी मंडळापुढे या कारखान्यांची जी हकिगत आली, ती अंगावर काटा आणणारी होती. बायका पहाटे कामाला लागत आणि रात्री उशिरा सुटत. ऐन हंगामात तर रात्रंदिवस काम चाले. हवेत रुईची धूळ दाटलेली असे आणि तीच श्वासाबरोबर फुफ्फुसात जाई.

मग त्या वेळी कायदा नव्हता काय? होता. हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ साली झाला होता. सात वर्षांखालील मुलाला कारखान्यात ठेवू नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, असे त्यात सांगितले होते. आज हा नियम वाचून आपल्याला नवल वाटते. सात वर्षांचे मूल म्हणजे दुसऱ्या इयत्तेतील मूल! त्याने नऊ तास गिरणीत उभे राहावे, ही त्या काळी सुधारणा समजली जात असे. परंतु एवढेही संरक्षण खानदेशातील जिनिंगच्या मजुरांना मिळाले नाही. ज्या कारखान्यात शंभर माणसे काम करतात आणि जो वर्षातून निदान चार महिने चालतो, तोच कारखाना, अशी कायद्याची व्याख्या होती. चार महिन्यांच्या आत हंगाम आटोपणारा कारखाना कायद्याच्या लेखी कारखानाच नव्हता. आत यंत्र फिरत होते, माणसे राबत होती, पण कायद्याची नजर त्या दारापर्यंत पोचत नव्हती.

मजुरांची गाऱ्हाणी वेशीवर टांगणारा एक पुरुष त्या काळी मुंबईत होता. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळ येथे गिरणी कामगारांची सभा भरविली. आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि कामावर इजा झाल्यास भरपाई, अशा मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. त्यांच्या प्रयत्नांना १८९० साली यश आले आणि मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी सुरू झाली. पुढच्याच वर्षी कायदा सुधारला आणि कामावरील मुलाचे किमान वय सातावरून नऊ झाले. चार महिन्यांहून कमी चालणारे हंगामी कारखाने मात्र १९११ साली प्रथम कायद्याच्या कक्षेत आले. मुंबईपासून खानदेशापर्यंत आगगाडी एका दिवसात येत होती; कायद्याला त्याच वाटेने यायला तीस वर्षे लागली.

पुढे १९२२ साली किमान वय बारा झाले आणि स्वतंत्र भारतात १९४८ च्या कायद्याने ते चौदा झाले. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या संविधानाच्या चोविसाव्या अनुच्छेदाने चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवण्यास मनाई केली.

याचा परिणाम चांगलाच झाला. मोठ्या गिरण्यांतून आणि कारखान्यांतून लहान मुले दिसेनाशी झाली. तथापि, जेथे कायद्याची नजर सहज पोचत नाही अशा जागा अजून आहेत आणि मुलांचे काम तेथे सरकले आहे. अशी पहिली जागा म्हणजे शेत. कापसाची वेचणी हाताने होते. पिकलेल्या बोंडाची वाळलेली टोके टोकदार असतात. ती बोटांना टोचतात. दिवसभर वाकून वेचलेला कापूस संध्याकाळी तोलला जातो आणि जितके किलो तितकी मजुरी मिळते. या पद्धतीतच मूळ गोम आहे. मजुरी वजनावर असली की चिमुकल्या हातांनी वेचलेला कापूसही आईबापांच्या वजनात भर घालतो. मजुरीच्या वहीत बापाचे नाव असते. मुलाचे नाव कोठेच नसते. सातपुड्यातील अनेक आदिवासी कुटुंबे पोटासाठी मैदानात उतरतात, तर काही गुजरातेत जातात. कुटुंब गेले की मूलही जाते आणि शाळेच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात.

दुसरी जागा बियाण्याच्या शेतीची. १९७० साली सुरत येथील संशोधन केंद्राने ‘संकर ४’ ही संकरित कपाशी शेतकऱ्यांना दिली. संकरित बी दर वर्षी नव्याने तयार करावे लागते. त्यासाठी संध्याकाळी एका जातीच्या कळीतील पुंकेसर हाताने काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर दुसऱ्या जातीचे पराग लावतात. हे काम कित्येक आठवडे रोज चालते आणि त्याला असंख्य हात लागतात. मुलांची बोटे बारीक, त्यांची उंची झाडाएवढी आणि मजुरी कमी, म्हणून गुजरात व आंध्र प्रदेशातील अशा शेतांवर मुलांना, विशेषतः मुलींना, लावले गेल्याचे वेळोवेळी उघडकीस आले आहे. शाळा ऐन भरात असते त्याच दिवसांत हे काम असते.

तिसरी जागा शहरांतील लहान खोल्यांची. मोठा कारखानदार आपल्याकडील काम ठेकेदाराला देतो, ठेकेदार ते दुसऱ्या ठेकेदाराला देतो आणि शेवटी बटणे लावणे, टिकल्या शिवणे, धागे कापणे ही कामे एखाद्या अंधाऱ्या खोलीत पोचतात. तपासनीस येतो तो मोठ्या कारखान्यात. त्या खोलीचा पत्ता त्याच्या कागदावर नसतो.

ज्याला कोणतेच संरक्षण नाही, त्याची पिळवणूक सर्वांत आधी होते. निर्वासितांची स्थिती अशीच असते. २०११ साली सीरिया देशात युद्ध पेटले आणि लक्षावधी लोक घरदार सोडून पळाले. शेजारच्या तुर्कस्तानात पस्तीस लाखांहून अधिक सीरियन आश्रयाला होते. तेथे कपडे शिवण्याचा धंदा मोठा आहे आणि ते कपडे युरोपातील दुकानांत जातात. हाती कामाचा परवाना नाही, त्या देशाची भाषा येत नाही, तक्रार केली तर हाकलून देतील ही भीती; अशा माणसांना थोड्या मजुरीत राबविणे सोपे गेले. आईबापांची मिळकत पुरेना, म्हणून मुलेही शिवणयंत्रापाशी बसली.

निर्वासितांचे नशीब असेच असले पाहिजे, असे मुळीच नाही. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली अनेक कुटुंबे महाराष्ट्रात स्थिरावली. जळगावातही त्यांची वसाहत आहे. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांनी फार हाल सोसले. परंतु ते या देशाचे नागरिक होते. त्यांना दुकान थाटता येत होते, मुलांना शाळेत घालता येत होते, अन्याय झाल्यास दाद मागता येत होती. आज उल्हासनगर जीन्सच्या धंद्याकरिता प्रसिद्ध आहे. दोन्हीकडचे लोक घर गमावूनच आले होते. एकांच्या हाती हक्क होते, दुसऱ्यांच्या हाती ते नव्हते. त्यांच्या स्थितीतील पुष्कळसा फरक यातून निर्माण झाला.

येथे एक शंका येईल. सुटीच्या दिवशी आपल्या शेतात आईला हातभार लावणारे मूलही अपराधी मजुरीत गुंतलेले म्हणावे काय? नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुटीत, धोका नसलेल्या कामात घरच्यांना मदत करण्यास २०१६ साली सुधारलेला कायदाही मोकळीक देतो. त्यातून मूल काम शिकते आणि त्याचे शिक्षणही चालू राहते. परक्याच्या शेतात वा कारखान्यात, शाळा बुडवून, पैशासाठी जे राबणे होते, ती बालमजुरी. दोहोंमधील सीमा ओळखता आली पाहिजे.

‘गरीब आईबापांनी मुलांना कामाला लावू नये तर खावे काय?’ असे पुष्कळ लोक विचारतात. या प्रश्नाचे उत्तर मजुरीच्या दरात आहे. मूल थोड्या पैशांत मिळते, म्हणून मोठ्या माणसालाही पुरती मजुरी मिळत नाही. मोठ्याला पुरती मजुरी मिळत नाही, म्हणून मुलाला कामावर जावे लागते. न शिकलेले ते मूल मोठे होऊन पुन्हा थोड्याच मजुरीचा धनी होते. हा फेरा तोडण्यास दोन गोष्टी एकाच वेळी हव्यात: मोठ्यांना न्याय्य मजुरी आणि मुलांना शाळा. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. आईबाप कामासाठी गाव सोडून गेले तरी मूल गावातच राहून शिकावे, यासाठी राज्यात हंगामी वसतिगृहे चालविली जातात. मूल संकटात दिसल्यास १०९८ या क्रमांकावर कोणीही दूरध्वनी करू शकतो. त्याला पैसे पडत नाहीत.

या प्रयत्नांना फळ येते, हे आकड्यांवरून दिसते. २००० साली जगात सुमारे २४ कोटी ६० लाख बालमजूर होते. २०२४ साली ही संख्या सुमारे १३ कोटी ८० लाख झाली. पण त्यांतील पाचांपैकी तीन मुले आजही शेतीच्या कामात आहेत, म्हणजे जेथे वहीत नाव नसते आणि तपासनीस क्वचितच पोचतो तेथेच. तेथील प्रत्येक मुलाची नोंद घेऊन त्याला शाळेत आणणे, हे काम अजून पुरे व्हायचे आहे. आपल्या वर्गात दिवाळीनंतर एखादी जागा रिकामी दिसू लागली, तर ते मूल कोठे गेले याची चौकशी करून गुरुजींना सांगणे, एवढे तर प्रत्येक विद्यार्थ्याला करता येईल.

स्वाध्याय

१. १८८१ चा कारखाना कायदा खानदेशातील जिनिंगच्या मजुरांना का लागू झाला नाही?
२. वजनावर मजुरी देण्याच्या पद्धतीमुळे मुले कामावर कशी येतात, ते स्पष्ट करा.
३. घरकामातील मदत आणि बालमजुरी यांतील फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.
४. अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा: वेशीवर टांगणे, दाद मागणे, अंगावर काटा येणे.