आकडा नाचतोय, पण इंजिन खरंच तापलंय का?

जुनी पद्मिनी, ॲम्बेसिडर नाहीतर महिंद्राची जीप शोधायची, पत्रा-रंग करून घ्यायचा आणि बोनेटखाली नव्या गाडीचं इंजेक्शनवालं इंजिन बसवायचं. हा नाद एकदा लागला की बजेट विचारू नये. पण गाडी रस्त्यावर आली की बऱ्याच जणांना एक डोकेदुखी सुरू होते. डॅशबोर्डवर हौसेनं लावलेला डिजिटल टेम्परेचर मीटर ८८, ९४, ८५, १०३ असे आकडे एकामागून एक दाखवायला लागतो.

जरा थांबून विचार करा. चार सेकंदांत अठरा अंश? इंजिन म्हणजे शंभरेक किलोचा धातू आणि त्यात फिरणारं काही लिटर कूलंट. ते इतक्या झटक्यात तापत नाही, आणि तितक्याच झटक्यात गार तर अजिबात होत नाही. म्हणजे आकडा खोटा आहे.

मग सोडून द्यायचं? नाही भावा, खरा धोका इथेच आहे. रोज खोटं बोलणाऱ्या मीटरकडे आपण बघायचंच सोडून देतो. मग मे महिन्यात, बाहेर चाळिशी पार, गाडीत लग्नाला निघालेली पाच माणसं आणि समोर मांजरसुंब्याचा घाट. त्या दिवशी होजपाइप फुटला आणि मीटर खरं बोलला, तरी विश्वास कोण ठेवणार? हेड वाकलं, गॅस्केट गेलं की खर्च बघून घाम फुटतो.

आकडा नाचतो कसा, हे कळायला सेन्सर समजून घ्यावा लागतो. आत थर्मिस्टर असतो, म्हणजे गरम होईल तसा विजेला होणारा त्याचा विरोध कमी होतो. इंजेक्शन गाड्यांत सर्रास दिसणारा एक प्रकार २० अंशाला साधारण अडीच हजार ओहम दाखवतो आणि १०० अंशाला दोनशेच्याही खाली येतो. मीटर त्याला ५ व्होल्टचा छोटा पुरवठा देऊन व्होल्टेज मोजतो. गंमत अशी, की ९० ते १०० अंशांत हे व्होल्टेज जेमतेम ०.२ व्होल्टनं बदलतं. म्हणजे कुठूनही ०.१ व्होल्टची लुडबुड झाली की आकडा पाचेक अंशांनी हलला!

ही लुडबुड बहुतेक वेळा अर्थिंगमधून येते. जुन्या गाड्यांमध्ये परतीची वायर म्हणजे बॉडीचा पत्रा. त्याच पत्र्यातून हेडलाइट, पंखा, हॉर्न, सगळ्यांचा करंट परत जातो. पन्नास वर्षांचा गंज आणि वर ताज्या रंगाचा थर असलेल्या जोडावर थोडं व्होल्टेज अडकतं, आणि मीटर तेही तापमान समजून मोजतो. पूर्वीच्या काट्याच्या गेजमध्ये हे फारसं दिसायचं नाही, कारण बऱ्याच गेजचा काटा मुळातच सुस्त असायचा.

म्हणून पाना हातात घेण्याआधी नुसतं निरीक्षण करा. हेडलाइट लावल्यावर आकडा सरकतो? तर अर्थिंग. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिन ब्लॉकला, मग बॉडीला लावा. सगळे लाइट-पंखे चालू असताना ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर जोड घासून जाड अर्थ पट्टी टाका. रेस दिल्यावर उड्या वाढतात? मग सेन्सरची वायर प्लगच्या वायरींना चिकटून गेली असेल, नाहीतर अल्टरनेटर गडबड करत असेल. वायर लांबून न्या. खड्ड्यातच उडी मारतो? कनेक्टर ढिला आहे. बीडमध्ये ही टेस्ट घ्यायला लांब जायची गरज नाही!

सेन्सर दोन वायरींचा असेल तर परतीची वायर बॉडीला न जोडता थेट मीटरच्या किंवा ईसीयूच्या सेन्सर-ग्राउंडलाच न्या, दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन. एका वायरीचा असेल तर तो चुडीतून अर्थ घेतो, तिथे टेफ्लॉन टेपचे वेढे मारले की झालं कल्याण.

आर्डुइनोवर स्वतः मीटर बनवणारे इंजिनिअरिंगचे मित्र इथे म्हणतील, सरासरी काढ, आकडा शांत होईल. होईल की. पण अर्थिंग खराबच राहील आणि शांत दिसणारा आकडाही चुकीचाच असेल. वर सरासरी फार लांबवली तर खरं तापलेलं उशिरा कळेल. आधी वायरिंग, मग ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि सगळ्यात शेवटी कोडमधली थोडीशी सरासरी. माझं मत तरी हेच.

सेन्सरवरच संशय असेल तर तो काढा (इंजिन पूर्ण गार असतानाच) आणि पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत धरून तापवा. ओहम सावकाश, न अडखळता उतरले पाहिजेत. बीड समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे पाणी ९८ अंशांनाच उकळेल. थर्मामीटरला दोष देऊ नका.

आणि एक. वाहनाचे मूळ तपशील मनाने बदलता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलंय, त्यामुळे इंजिन बदलायच्या आधी आरटीओत विचारा.

दुरुस्ती झाली की रात्री हेडलाइट आणि पंखा लावून घाट चढून बघा. चढावर आकडा सावकाश वर गेला आणि उतारावर सावकाश खाली आला, तर मीटर खरं बोलतोय. मात्र कूलंट सगळं गळून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाही आकडा कमी दाखवू शकतो. त्यामुळे निघण्याआधी, इंजिन गार असताना, रेडिएटरचं झाकण उघडून बघायचंच.