पान अमुक, ओळ तमुक

१९९६ च्या मे महिन्यात आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये एक कागद हातोहात फिरत होता. वहीच्या मधल्या पानाचा, चार घड्या पडलेला. त्यावर तीन-तीन आकडे आणि प्रत्येक तिकडीपुढे एक इंग्रजी अक्षर. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची पहिली लेव्हल पार केली की एक दालन लागायचं. तिथे बाटल्या मांडलेल्या, बाटल्यांवर अक्षरं, आणि स्क्रीनच्या तळाशी फर्मान: पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या तमुक ओळीतला शब्द बघा, त्याच्या पहिल्या अक्षराची बाटली प्या. पुस्तिका आमच्यापैकी कुणीही पाहिली नव्हती. गेम फ्लॉपीवरून आलेला, फ्लॉपी कुणाच्या तरी मामेभावाकडून. कुणीतरी चुकतमाकत एकेक अक्षर लावलं होतं, ते त्या कागदावर उतरलं होतं.

व्हिडिओ गेमसोबत मिळणाऱ्या छापील पुस्तिकांचा विषय निघाला की चाळिशी-पन्नाशीतली अमेरिकन माणसं हळवी होतात. दुकानातून घरी येताना गाडीच्या मागच्या सीटवर बसून चाळलेली पानं, कोऱ्या शाईचा वास, शेवटी ‘नोंदी’साठी सोडलेली रिकामी जागा. आपल्याला हा हळवेपणा उसना वाटतो. आपल्या टीव्ही गेमची पिवळी कॅसेट बहुधा नुसतीच हातात पडायची. पण त्या पुस्तिका मुळात कशासाठी होत्या, हे शोधायला लागलो तेव्हा कळलं की त्या दिवसांत आपण अर्धाच गेम खेळत होतो.

मशीन गरीब, कागद श्रीमंत

१९७७ साली बाजारात आलेल्या अटारी २६०० ची काम करायची मेमरी होती अवघी १२८ बाइट. हा परिच्छेदसुद्धा तिच्यात मावणार नाही. सुरुवातीच्या कॅसेटमध्ये सगळा गेम चार किलोबाइटांच्या आत बसवावा लागे. पडद्यावर दिसायचे ते चार-दोन रंगीत ठोकळे. तो ठोकळा म्हणजे यान की राक्षस, आणि आपण त्याच्यावर गोळ्या का झाडायच्या, हे सांगायचं काम कागदाकडे होतं. १९८२ च्या ‘यार्स रिव्हेंज’सोबत तर चक्क कॉमिक मिळायचं. पडद्यावरचा तो फडफडणारा किडा पृथ्वीवरून अंतराळात गेलेल्या घरमाशीचा वंशज आहे, हे त्यातून कळायचं. एवढं वाचलं की त्याच ठोकळ्याला पंख फुटायचे.

जपानच्या निंटेंडोनेही हेच केलं. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आपल्याकडे नकली कन्सोलवर घरोघरी खेळला गेला. त्याच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की राज्यातल्या गरीब प्रजेला दुष्टांनी जादूने दगड-विटा करून टाकलं आहे. आपण डोक्याने ज्या विटा फोडत सुटलो, त्या विटांची ही हकिगत आपल्यापर्यंत आलीच नाही.

कागदावर इतकी भिस्त ठेवली की कागद चुकला तर पंचाईत. ‘लेजंड ऑफ झेल्डा’त लांब कानांचा एक शत्रू आहे. त्याला मोठा आवाज सोसत नाही, असं अमेरिकन पुस्तिका सांगायची. जपानी मशीनच्या दुसऱ्या कंट्रोलरमध्ये मायक्रोफोन होता, तिथे ओरडलं की तो मरायचा. अमेरिकन कंट्रोलरमध्ये मायक्रोफोनच नव्हता. मशीन बदललं, वाक्य तसंच राहिलं. तिथली पोरं त्याच्यासमोर गेममधली बासरी फुंकत बसली.

कुलूप आणि किल्ली

कागदाची खरी करामत केली ती इन्फोकॉम या अमेरिकन कंपनीने. तिचे गेम चित्रांचे नव्हते, निव्वळ मजकुराचे. १९८२ च्या ‘डेडलाइन’ या खुनाच्या रहस्याचा सगळा ऐवज फ्लॉपीत मावेना. मग पोलिसांचे जबाब, प्रयोगशाळेचा अहवाल, घटनास्थळाचा फोटो आणि पिशवीत गोळ्या, असं सगळं खोक्यातच घालून दिलं. नड होती जागेची, पण खेळणाऱ्याच्या हातात खटल्याची फाइलच आली. लोकांना ते इतकं आवडलं की पुढे अशा वस्तू हीच कंपनीची ओळख झाली. शिवाय फ्लॉपीची नक्कल निघते, गोळ्यांच्या पिशवीची निघत नाही, हाही हिशेब जमला.

त्या हिशेबातूनच पुस्तिका गेमचा पहारेकरी झाली. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’तल्या बाटल्या हा त्याच पहाऱ्याचा भाग. १९९० च्या ‘स्टारट्रॉपिक्स’च्या खोक्यात नायकाच्या काकांचं पत्र असे. गेममध्ये एका टप्प्यावर ते पत्र पाण्यात बुडवायची सूचना मिळते. कागद भिजला की ७४७ हा आकडा उमटायचा, आणि त्याशिवाय पुढे जाता येत नसे. भाड्याने आणलेल्या कॅसेटसोबत पत्र नसलं की खेळ तिथेच खुंटला. १९९८ च्या ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये एका पात्राशी बोलायची फ्रिक्वेन्सी, १४०.१५, सीडीच्या वेष्टनाच्या मागच्या बाजूला छापली होती. नकली सीडी घेणाऱ्याकडे वेष्टन कुठून असणार?

पानं गळाली

पुढे डिस्कमध्ये जागाच जागा झाली. गोष्ट पडद्यावर हलू-बोलू लागली आणि कुठलं बटण कशाला, हे पहिली लेव्हलच शिकवू लागली. छपाईचा खर्च मग डोळ्यांवर आला. एप्रिल २०१० मध्ये युबिसॉफ्टने कागदी पुस्तिका बंद करत असल्याचं जाहीर केलं, कारण दिलं पर्यावरणाचं. इतरांनीही तीच वाट धरली. २०१७ साली आलेल्या निंटेंडो स्विचच्या बहुतेक खोक्यांत झाकण उघडलं की एका कोपऱ्यात इवलंसं कार्ड दिसतं, बाकी पोकळी.

गेलेल्या पानांची किंमत मग गेम बनवणाऱ्यांनाच कळली. २०२२ च्या ‘ट्यूनिक’मध्ये पुस्तिकेची पानं गेममध्येच विखुरलेली आहेत. ती गोळा करायची आणि बनावट लिपीतला मजकूर चित्रांवरून ताडत जायचं. परक्या भाषेतली पुस्तिका हातात पडलेल्या पोराची अवस्था हाच त्याचा खेळ. त्याच वर्षी एका संग्राहकाने अमेरिकेत निघालेल्या प्लेस्टेशन २ च्या गेमच्या सुमारे १,९०० पुस्तिका स्कॅन करून इंटरनेट आर्काइव्हवर खुल्या केल्या.

तशाच एका स्कॅनमधून अलीकडे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची पुस्तिका मी पहिल्यांदा वाचली. सुलतान लढाईवर गेलेला, वजीर जाफरने सत्ता बळकावलेली, राजकन्येला विचार करायला एका तासाची मुदत. आणि तळघरातून धावत सुटलेला आपला नायक? तो राजपुत्र नाहीच. राजकन्येचं ज्याच्यावर प्रेम आहे असा तो एक निनावी तरुण. गेमच्या सुरुवातीच्या मजकुरातही हेच होतं म्हणा, पण ती इंग्रजी पानं आम्ही बटण दाबून उडवायचो. क्लासमध्ये सगळे त्याला ‘प्रिन्स’च म्हणायचे.

आमच्या त्या घडीच्या कागदावरची अक्षरं बरोबर होती, दार दर वेळी उघडायचं. ती अक्षरं कुठल्या शब्दांची होती, हे मात्र आमच्यापैकी कुणीच कधी विचारलं नव्हतं.