धारपांचे समर्थ पुन्हा पुन्हा का येतात?

नारायण धारपांचे पुस्तक परत करायला आलेला वाचक बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो, "समर्थांचे पुढचे कोणते?" दुसरा एखादा विचारतो, "हे मधलेच दिसते. याच्या आधीचे आहे का?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर एका वाक्यात देता येत नाही. धारपांच्या पुस्तकांत माणसे परत परत भेटतात हे खरे, पण त्या पुस्तकांना आपण समजतो तसा पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम नाही. मग ही पुस्तके एकमेकांशी जोडलेली आहेत की सुटी आहेत? धारपांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ चा. २०२५ मध्ये त्यांची जन्मशताब्दी झाली. काकती आणि आसपासच्या गावांतील आमच्या वाचकांसाठी या प्रश्नाचा उलगडा करावा, म्हणून हा लेख.

पुढचा भाग, मालिका आणि सामायिक जग

पात्रे एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात येतात तेव्हा आपण सरसकट "पुढचा भाग" म्हणतो. प्रत्यक्षात यात तीन वेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार खऱ्या अर्थाने पुढच्या भागाचा. एका पुस्तकात सुरू झालेली गोष्ट दुसऱ्यात पुढे जाते. अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंग यांची 'द शायनिंग' ही कादंबरी १९७७ ची. तिच्यातला डॅनी हा लहान मुलगा मोठा होऊन २०१३ च्या 'डॉक्टर स्लीप' मध्ये येतो. लहानपणी त्याने जे सोसले त्याचे ओझे दुसऱ्या पुस्तकभर त्याच्या अंगावर आहे. अशी पुस्तके उलट क्रमाने वाचली तर वाचकाचे नुकसान होते.

दुसरा प्रकार मालिकेचा. यात नायक तोच राहतो, गोष्ट मात्र दर वेळी नवी. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू हे असे नायक. अर्नाळकरांच्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या पुढे गेली, पण कोणतीही कथा कुठूनही उचलली तरी चालत असे. आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये एन. नरसिंहय्या यांच्या पत्तेदार पुरुषोत्तमाने हेच काम केले.

तिसरा प्रकार सामायिक जगाचा. इथे नायकही एक नसतो आणि गोष्टही एक नसते. जग तेवढे एक असते. एका कादंबरीतले गाव दुसरीत लागते, एकीतले दुय्यम पात्र दुसरीत ओझरते दिसते. अमेरिकेच्या एच. पी. लव्हक्राफ्ट यांनी आर्कम नावाचे शहर, तिथले विद्यापीठ आणि एक शापित ग्रंथ कल्पिला, आणि ते आपल्या अनेक कथांत फिरवले. पुढे किंग यांनी मेन राज्यात डेरी आणि कॅसल रॉक ही गावे वसवली आणि त्यांत आपली अनेक पुस्तके घडवली.

धारप यात कुठे बसतात?

धारपांची पुस्तके शंभराच्या घरात आहेत आणि त्यांत तिन्ही प्रकारांच्या खुणा सापडतात. 'साठे फायकस' आणि 'फायकसची अखेर' ही जोडी नावांवरूनच ओळखू येते. 'अनोळखी दिशा' चे तीन खंड आहेत, पण त्या खंडांत एक गोष्ट पुढे चाललेली नाही. ते कथासंग्रह आहेत, कोणताही आधी वाचावा. त्यांचे सर्वांत गाजलेले काम मात्र दुसऱ्या प्रकारातले, म्हणजे मालिकेतले. समर्थ हे त्यातले मुख्य नाव. 'समर्थ', 'समर्थाचिया सेवका', 'समर्थांचा प्रहार' ही त्यांतली काही पुस्तके. समर्थांशिवाय कृष्णचंद्र, जयदेव, पंत अशी अलौकिक शक्तीशी झुंजणारी आणखी माणसेही धारपांनी उभी केली.

समर्थकथेचा साचा वाचकांच्या ओळखीचा आहे. एखाद्या घरावर, एखाद्या माणसावर काहीतरी अमंगळ येते. डॉक्टर झाले, नवस झाले, काही उपयोग होत नाही. मग समर्थांपर्यंत हाक जाते. समर्थ येतात, शांतपणे सगळे ऐकून घेतात, जागा पाहतात, तयारी करतात आणि सामना होतो. हे सगळे आपल्याला सांगतात ते अप्पा, समर्थांचे सोबती. शेरलॉक होम्सची हकीकत जशी डॉक्टर वॉटसन सांगतात, तशीच ही योजना.

ही मालिका क्रमाशिवाय चालते याचे कारण त्या काळच्या वाचनाच्या रीतीत आहे. ही पुस्तके घरी विकत घेणारे थोडे होते. बहुतेकांनी ती गल्लीतल्या भाड्याच्या लायब्ररीतून किंवा सार्वजनिक वाचनालयातून आणून वाचली. तिथे हवे ते पुस्तक हवे तेव्हा मिळत नाही. कुणाच्या तरी घरून परत आलेले, जे हाती लागेल ते न्यायचे. अशा वाचकासाठी लिहिणाऱ्याला आधीच्या पुस्तकावर भिस्त ठेवता येत नाही. म्हणून समर्थकथेत ओळख दर वेळी थोडक्यात होते आणि गोष्ट त्याच ठिकाणी संपते.

भयकथेची खास अडचण

रहस्यकथेत नायक परत येतो याचा कुणाला त्रास होत नाही. तिथे प्रश्न असतो "कुणी केले?" झुंजार जिवंत राहणार हे माहीत असले तरी गुन्हेगार कोण हे माहीत नसते. भयकथेत प्रश्न वेगळा असतो. "हा वाचेल का?" आता ज्या नायकाचे पुढचे पुस्तक कपाटात समोर दिसते आहे, तो वाचणार हे उघडच आहे. मग भीती कशाची वाटायची? मालिका लिहिणाऱ्या प्रत्येक भयकथाकाराला ही अडचण सोडवावी लागते.

धारपांनी ती तीन तऱ्हांनी सोडवलेली दिसते.

एक तर संकट समर्थांवर येत नाही, हाक मारणाऱ्या घरावर येते. ते घर दर कथेत नवे असते आणि त्याला पुढच्या पुस्तकाची हमी नसते. समर्थ परत येतील हे आपल्याला ठाऊक असते, पण ती सून किंवा तो मुलगा वाचेल का हे ठाऊक नसते.

दुसरे म्हणजे कथा अप्पांच्या तोंडून येते. समर्थ घाबरले असते तर त्यांच्यावरचा विश्वास गेला असता, आणि कुणीच घाबरले नसते तर कथाच राहिली नसती. अप्पा आपल्यासारखे आहेत. थंडी त्यांना वाजते, मागे वळून ते पाहतात. समर्थांचा धीर आणि अप्पांची भीती, दोन्ही लागतात.

तिसरी तऱ्हा आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. धारपांनी समर्थांना सगळ्या पुस्तकांत येऊच दिले नाही. 'लुचाई' मध्ये एक अख्खे गाव हळूहळू पोखरले जाते, आणि तिथे समर्थ नाहीत. 'शपथ' मध्ये लहानपणीच्या मित्रांना जुन्या वचनाखातर मोठेपणी पुन्हा त्याच दुष्ट शक्तीसमोर उभे राहावे लागते. तिथेही समर्थ नाहीत. समर्थांची पाच-सहा पुस्तके वाचून 'लुचाई' हाती घेणारा वाचक नकळत वाट पाहत राहतो, आता कुणीतरी जाणता माणूस येईल. तो येत नाही. जे काही करायचे ते शाळेतल्या, दुकानातल्या, घरातल्या साध्या माणसांनाच करायचे असते.

म्हणून आमचे म्हणणे असे की धारपांची ही दोन प्रकारची पुस्तके एकमेकांना आधार देतात. समर्थ नसलेल्या कादंबऱ्या वाचल्या की समर्थांच्या येण्याची किंमत कळते. आणि समर्थकथा वाचल्या की त्यांच्या नसण्याची भीती वाटते. पात्र सामायिक असण्याचा उपयोग ते ज्या पुस्तकात येत नाही तिथेही होतो.

मालिकेचा एक फायदा धारपांनी पुरेपूर घेतला. सुट्या भयकादंबरीत पहिली शंभर पाने "असले काही असते का?" या वादात जातात. पोलीस मानत नाहीत, डॉक्टर मानत नाहीत, घरचेही मानत नाहीत. समर्थ दारात आले की तो वाद संपतो. त्यामुळे वीस-पंचवीस पानांतही पूर्ण भयकथा उभी राहू शकते. याच्या उलट रत्नाकर मतकरी पाहा. त्यांच्या बहुतेक गूढकथा सुट्या आहेत, वाचवायला येणारा ठरावीक माणूस तिथे नाही. भय शेजारच्या खोलीतल्या माणसाच्या मनात असते आणि कथा संपली तरी ते तिथेच राहते.

नावातच निम्मे काम

"समर्थ" हे नाव धारपांनी उगीच निवडलेले नाही. आपल्या घरांत दिवेलागणीला रामरक्षा आणि भीमरूपी म्हटली जाते. अंधारात जायचे असेल तर आजी मारुतीचे नाव घ्यायला सांगते. 'समर्थाचिया सेवका' हे शीर्षक तर थेट रामदासांच्या मनाच्या श्लोकांतले शब्द आहेत. मराठी वाचकाला या नायकाची ओळख करून द्यायला फार पाने लागत नाहीत, नाव ऐकताच निम्मा धीर येतो. धारपांचे समर्थ मात्र मठातले नाहीत आणि गावचे मांत्रिकही नाहीत. ते शिकलेले, सभ्य, आजच्या जगात वावरणारे गृहस्थ आहेत. जुना विश्वास आणि नवे शिक्षण यांची ही सांगड वाचकांना आपली वाटली.

तुटलेला धागा

'लुचाई' मागे किंग यांची 'सेलम्स लॉट' (१९७५) आहे आणि 'शपथ' मागे 'इट' (१९८६), हे आता जाणकार वाचकांना माहीत आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. किंग यांच्याकडे ही दोन्ही पुस्तके मोठ्या जाळ्याचा भाग आहेत. 'सेलम्स लॉट' मधले हार पत्करून गाव सोडणारे पाद्री कॅलहन अठ्ठावीस वर्षांनी, २००३ च्या 'वुल्व्ह्ज ऑफ द कॅला' मध्ये परत येतात. 'द शायनिंग' मधला स्वयंपाकी हॅलोरन 'इट' मध्ये तरुणपणी दिसतो. मराठीत येताना कथा आल्या, हे धागे आले नाहीत. 'लुचाई' आणि 'शपथ' आपल्याकडे दोन स्वतंत्र पुस्तके झाली. वाचकांचे त्यात काही बिघडले नाही, पण लहान आणि मोठ्या अशा दोन जाळ्यांतला फरक यातून समजतो. किंग यांनी गावे जोडली, धारपांनी माणूस जोडला.

धारपांची कथा पुढेही चालत राहिली. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटाच्या प्रेरणांमध्ये धारपांची एक कथा आहे. तो चित्रपट पाहून "हे धारप कोण?" असे विचारणारी तरुण मुले आपल्या भागातही आहेत.

आपल्या कपाटाचे काय?

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. आपल्या भागातली अनेक मुले कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी घरात बोलतात, पण सलग शंभर पाने मराठी वाचायची सवय त्यांना लागेलच असे नाही. सवय लागायला "पुढे काय?" ही ओढ लागते, आणि ती ओढ ओळखीच्या नायकाइतकी दुसरे कुणी लावत नाही. समर्थांचे एक पुस्तक संपवलेला मुलगा दुसरे मागतो, तिसरे मागतो. चौथ्याला तो मतकरींकडे किंवा जी. ए. कुलकर्णींकडे वळू शकतो. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे. कडोली, उचगाव, येळ्ळूर या गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात. त्या मांडवांत भयकथेवरही एखादे सत्र व्हावे असे आम्हाला मनापासून वाटते. ज्या पुस्तकांनी दोन पिढ्यांना वाचायला लावले, त्यांना दुय्यम समजून चालणार नाही.

नवीन वाचकांसाठी आमचा सल्ला असा. समर्थांचे जे पुस्तक हाती येईल ते आधी वाचा, क्रमाची चिंता नको. दोन-तीन समर्थकथा झाल्या की 'लुचाई' घ्या. 'शपथ' मोठी आहे, ती सुट्टीत. 'साठे फायकस' आणि 'फायकसची अखेर' मात्र याच क्रमाने वाचा. लहान मुलांना कोणते द्यावे हे घरच्या मोठ्यांनी आधी चाळून ठरवावे.

साकेत प्रकाशनाने धारपांची बरीच पुस्तके पुन्हा छापली आहेत, त्यामुळे पुष्कळशी नवी मिळतात. तरी जुन्या आवृत्त्या आपल्याच घरांत, माळ्यावर, ट्रंकेत पडून असतील. वाळवी लागण्याआधी त्या काढा आणि मंडळाच्या कपाटासाठी द्या. पान फाटले असेल तर चालेल, आम्ही चिकटवून घेऊ. फक्त देण्याआधी एकदा शेवटचे पान आहे की नाही तेवढे पाहा. शेवटचे पान नसलेली भयकथा वाचकाला रात्री झोपू देत नाही आणि दुसऱ्या दिवशी तो आम्हालाही स्वस्थ बसू देत नाही.