रंग लावणारा रोबोट आणि जायकवाडीचे दरवाजे

जायकवाडीचा साठा १५२२ फुटांकडे सरकू लागला की छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत एकच चौकशी सुरू होते : किती दरवाजे उघडले, किती क्युसेक सोडलं? २००६ साली पैठण पाण्यात गेलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा प्रश्न शिकवावा लागत नाही. त्या दरवाज्यांचं पोलाद बाराही महिने गंजाशी झुंजत असतं, याची चर्चा मात्र क्वचितच होते. हल्ली पूल, टाक्या, धरणं धुऊन रंगवणाऱ्या रोबोटचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात आणि ‘हे आपल्याकडे का नाही?’ असं लोक विचारतात. विचारायलाच हवं. पण त्या प्रश्नामागे काही चुकीच्या समजुती आहेत. त्या दूर झाल्या नाहीत, तर उद्या नको त्या यंत्रावर पैसे जातील.

गैरसमज : रंग दिसायला बरा म्हणून देतात.

धरणाच्या दरवाज्यावरचा रंग हा पोलाद आणि पाणी यांच्यामधला एकमेव अडसर असतो. जायकवाडीला २७ वक्राकार दरवाजे आहेत. प्रत्येक दरवाजा साधारण १२.५ मीटर रुंद आणि ७.९ मीटर उंच. पाण्याची पातळी जिथे वरखाली होते तो पट्टा लवकर गंजतो, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही भरपूर मिळतात. पत्रा झिजला की दरवाज्याची ताकद तेवढी घटली.

गैरसमज : ब्रश किंवा स्प्रे फिरवणं हेच मुख्य काम.

सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज हाच. रंग टिकणार की पोपडे निघणार, याचा बहुतांश निकाल रंगाचा डबा उघडायच्या आधीच लागलेला असतो. जुना रंग, गंज, तेल, क्षार हे सगळं निघून पोलाद उघडं पडावं लागतं. या कामाच्या भाषेत त्याला ‘एसए अडीच’ दर्जाची सफाई म्हणतात : पत्रा जवळजवळ पांढुरका-करडा दिसतो, कुठे फक्त फिकट सावलीसारखे डाग उरतात. शिवाय पत्रा गुळगुळीत राहून चालत नाही. जाड इपॉक्सी थरांसाठी त्यावर साधारण ५० ते ७५ मायक्रॉन खोलीचा खरखरीतपणा लागतो, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीइतका. तिथेच प्रायमर पकड घेतो.

असा उघडा पडलेला पत्रा फार वेळ थांबत नाही. दमट हवेत काही तासांतच त्यावर लालसर झाक चढते, म्हणून प्रायमर शक्यतो त्याच पाळीत लागला पाहिजे. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त आणि हवेतली आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या आत हवी. धरणातलं पाणी खाली जातं आणि दरवाजे कोरडे सापडतात ते नेमके एप्रिल-मेमध्ये. त्या दिवसांत दुपारी पत्रा इतका तापतो की फवाऱ्यातला रंग पत्र्यावर नीट पसरण्याआधीच सुकून भुकटी होतो. ही अडचण माणसाला आहे तशी रोबोटलाही आहे. पहाटेची वेळ दोघांनाही गाठावी लागते.

गैरसमज : कारखान्यात रोबोट रंग देतो, मग धरणावर का नाही?

वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यात वाढलेल्या पोरांना रोबोटच्या हाताचं अप्रूप नाही, म्हणून हा प्रश्न त्यांच्याकडून हमखास येतो. पण कारखान्यात रोबोट एका जागी घट्ट बसवलेला असतो आणि वस्तू त्याच्यापुढे येते. तीच, तेवढीच, त्याच कोनात. तिथे हवासुद्धा गाळून आत घेतलेली असते. धरणाचा दरवाजा कुणापुढे चालत जात नाही. यंत्रालाच त्याच्याकडे जावं लागतं, वाऱ्यात लोंबकळावं लागतं आणि समोर नेमकं काय आहे ते आधी स्वतः पाहावं लागतं. नकाशात नसलेली वेल्डिंगची ठिगळं तिथे असतातच.

सिडनीचा हार्बर ब्रिज याचं चांगलं उदाहरण. १९३२ साली खुल्या झालेल्या या पुलाचं रंगवण्याचं क्षेत्र सुमारे ४ लाख ८५ हजार चौरस मीटर आहे. जुन्या रंगात शिसं असल्यामुळे तो खरवडणं माणसासाठी घातक. सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाने तिथल्या रस्ते खात्याबरोबर काम करून रोबोट घडवले. संशोधनाला सुरुवात २००६ च्या सुमारास झाली आणि यंत्रं पुलावर राबायला आणखी काही वर्षं लागली. ती मचाणावरच्या रुळांवरून सरकतात, आधी आजूबाजूच्या पोलादाचा त्रिमितीय नकाशा टिपतात, मग कुठून कसं जायचं ते ठरवून कणांचा मारा करतात. पण ती रंग लावण्यासाठी नव्हती. जुना रंग काढण्यासाठी होती. मचाण बांधणं, ताडपत्रीने बंदिस्ती करणं आणि यंत्रावर लक्ष ठेवणं ही कामं माणसांचीच होती.

आता आपला हिशेब. जायकवाडीच्या २७ दरवाज्यांची एका बाजूची मापं गुणली तर सुमारे २,७०० चौरस मीटर होतात. मागच्या तुळया, हात, आधार धरले की आकडा बराच वाढतो, तरी सिडनीच्या पासंगालाही पुरत नाही. एवढ्यासाठी खास रोबोट घडवणं परवडणारं नाही. भाड्याने आणलेलं, चुंबकाने चिकटून सरकणारं यंत्र मात्र दरवाज्याच्या पुढच्या वक्र पत्र्यावर कामी येईल. अशी यंत्रं तेलाच्या टाक्या आणि जहाजांची पोटं धुण्यासाठी जगभर वापरात आहेत. काहींतून २,००० बारहून जास्त दाबाचा पाण्याचा झोत सुटतो. तो झोत हातात धरणाऱ्या माणसाला सतत मागे ढकलत असतो. यंत्र तो धक्का स्वतःवर घेतं. अर्थात पाणी नवा खरखरीतपणा तयार करत नाही, मुळातला असेल तोच उघडा करतं.

माझ्या मते छत्रपती संभाजीनगरात रोबोटची खरी जागा दुसरीकडेच आहे. जायकवाडीहून नक्षत्रवाडीपर्यंतच्या नव्या जलवाहिनीचा व्यास २,५०० मिलिमीटर आणि लांबी सुमारे ३९ किलोमीटर. तिच्या आतल्या पृष्ठभागाचं क्षेत्र काढलं तर ३ लाख चौरस मीटरच्या वर जातं, आणि सगळं गोल, एकसारखं. यंत्राला हवा तोच आकार. नळांना आतून लेप कारखान्यात देता येतो, पण जागेवर वेल्ड केलेल्या सांध्याला तो आत जाऊनच द्यावा लागतो. सांधे आतून साफ करून लेपणारे आणि तपासणारे रोबोट तेल-वायूच्या वाहिन्यांत चालतात. बंद नळीत माणूस पाठवून त्याला इपॉक्सीच्या वाफेत बसवण्यापेक्षा ते शतपटीने बरं.

गैरसमज : रोबोट कोपरान् कोपरा गाठतो.

उलट त्याचं सपाट जागी जमतं आणि कोपऱ्यात अडतं. कडा, रिव्हेट, नट-बोल्ट, वेल्डची शिवण यांवर रंगाचा थर आपसूक पातळ बसतो, म्हणून तिथे आधी ब्रशने एक हात देतात. वक्र दरवाज्याची मागची बाजू अशाच जागांनी भरलेली असते, आणि सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे तो ज्या खिळीवर फिरतो ती. १७ जुलै १९९५ रोजी कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम धरणाचा एक वक्राकार दरवाजा उघडताना कोसळला. वंगण अपुरं, खिळीवर गंज. त्यामुळे घर्षण वाढत गेलं आणि हातांना जोडणारे आधार तुटले. समोरचा पत्रा कितीही झकास रंगवला असता, तरी हा अपघात टळला नसता.

गैरसमज : रोबोट आला की पोटावर पाय.

पत्र्याच्या सफाईसाठी केलेल्या वाळूच्या माऱ्यातून उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर उपाय नाही. धुळीतून बाहेर पडल्यावरही तो वाढू शकतो. ब्रिटनने १९४९ मध्येच कारखान्यांतल्या अशा सफाईसाठी वाळू बंद केली. आपल्या कायद्यातही सिलिकोसिस अधिसूचित आजार आहे. तोंडाला रुमाल बांधून वाळूचा मारा करणारा कामगार दिसला, तर त्याचा तो ‘रोजगार’ त्याचा श्वास खातोय. हे काम यंत्राकडे गेलंच पाहिजे. त्याच कामगाराला यंत्र चालवायला, थर मोजायला शिकवणं ही ठेकेदाराची आणि खात्याची जबाबदारी.

गैरसमज : थर दिला म्हणजे जपणूक झाली.

आपल्याच जिल्ह्यात याचा पुरावा आहे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रं जपण्यासाठी इटालियन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी चित्रांवर शेलॅकचं वार्निश दिलं. हेतू चांगला होता. पुढे तो थर पिवळा पडला, काळवंडला, आणि तो हळूहळू काढण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची अनेक वर्षं गेली. म्हणून जुन्या दगडावर किंवा चुन्याच्या गिलाव्यावर दाबाचा झोत किंवा आधुनिक लेप घेऊन कुणी रोबोट आणला, तर त्याला आधी दारातच थांबवावं.

जलसंपदा खातं आणि महापालिका यांना एक विनंती. रोबोट घ्यायचा की नाही हे पुढे ठरवा, पण पुढच्या निविदेत तीन गोष्टी लिहा : सिलिका वाळू बंद, मारा करणाऱ्याला बाहेरची शुद्ध हवा पुरवणारा टोप सक्तीचा, आणि सफाईचा दर्जा व थराची जाडी मोजून नोंदवल्याशिवाय बिल मंजूर नाही.