सायकलची नळी आणि आपली टांग

सायकल विकत घेताना आपण काय पाहतो? टायर दाबतो, घंटी वाजवतो, भाव थोडा उतरतो का ते विचारतो. पण सायकल थांबली तर नळी मध्ये ठेवून दोन्ही पाय जमिनीवर टेकतील का, हे पाहणारा विरळाच.

खेडोपाडी दिसणारी काळी सायकल बहुधा २२ इंची फ्रेमची. हे २२ इंच म्हणजे आडव्या नळीची जमिनीपासूनची उंची नव्हे, बरे का! पायडलचे दांडे ज्या आसावर फिरतात, तिथपासून सीटखालच्या उभ्या नळीच्या टोकापर्यंतचे ते माप. तो आसच जमिनीपासून सुमारे १२ इंच वर. म्हणजे आडवी नळी गेली ३३ इंचांच्या आसपास. आणि साडेपाच फूट उंचीच्या माणसाच्या पायाचे आतले माप ३० इंचांच्या घरात!

म्हणून तर आपण सायकलवर टांग मारतो. डावा पाय पायडलवर, उजव्याने दोन-चार रेटे, मग तोच पाय मागून फिरवून पलीकडे. उतरताना हेच उलटे. डावीकडूनच का? चेन उजवीकडे असते, धोतर तिच्यापासून दूर राहते; शिवाय आपली वाहतूक डावीकडून, तेव्हा उतरणारा रस्त्याच्या कडेला उतरतो. दूधवाल्याची मात्र पंचाईत. मागे किटल्या, त्यामुळे सायकल अंगाकडे कलती करून पाय पुढूनच नळीवरून न्यावा लागतो. कुणी ओट्याला लावून चढतात. पण उतरताना ओटा कुठून आणायचा?

खरी काळजी मुलांची. ‘वाढते अंग आहे, मोठीच घ्या,’ हे सदऱ्याला ठीक. शेळी आडवी आली, करकचून ब्रेक लागला, की मूल सीटवरून पुढे घसरते, पाय अधांतरी, आणि नळीवर आदळते. मीही लहानपणी आदळलो आहे; कुठे लागले ते घरी सांगायचीही सोय नव्हती! झुकत्या नळीची ‘लेडीज’ सायकल मुलग्यांनी का वापरू नये, हे मला कधी कळले नाही. त्रिकोण मोडल्याने ती फ्रेम थोडी कमी ताठ होते खरी, पण दप्तराच्या ओझ्याला तेवढे पुरते.

गुरुजींनी वर्गात एक माप जरूर घ्यावे. मुलाला अनवाणी भिंतीशी पाठ लावून उभे करा. दोन पायांमध्ये वही आडवी, वरपर्यंत घट्ट धरायला सांगा. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. नळी त्याहून दोन इंच तरी खाली हवी. दुकानदार म्हणेल, ‘सीट खाली करून देतो.’ सीट खाली येईल. नळी आहे तिथेच राहील.