केशनलिकांतील द्रायुप्रवाह

केसाइतकी किंवा त्याहूनही बारीक पोकळी असलेल्या नळ्यांतून होणाऱ्या द्रायूंच्या (द्रव व वायू यांच्या) प्रवाहास ही संज्ञा लावतात. अशा नळीत द्रायूचा कोणताही भाग भिंतीपासून फार दूर नसतो. त्यामुळे श्यानता (द्रायूच्या थरांच्या सापेक्ष गतीस होणारा अंतर्गत विरोध) प्रभावी ठरते आणि निरूढी (गतीतील बदलास विरोध करण्याची प्रवृत्ती) गौण ठरते. रुंद नळातील पाण्यावरून बांधलेले अंदाज येथे सपशेल चुकतात.

या विषयाचा प्रायोगिक पाया घालण्यात एका वैद्याचा मोठा वाटा आहे. झां लेओनार मारी प्वाझय (१७९७–१८६९) या फ्रेंच वैद्यांना केशवाहिन्यांतील रक्तप्रवाहाचे कुतूहल होते. जिवंत प्राण्याच्या वाहिनीत लांबी, व्यास व दाब हे एकेक करून बदलता येत नाहीत. काचेच्या नलिकेत ते शक्य असते. म्हणून त्यांनी ०·०१५ ते ०·६ मिमी. व्यासाच्या नलिकांतून पाणी वाहवून १८४० च्या सुमारास अत्यंत काटेकोर मापने केली. गॉटहिल्फ हागेन या जर्मन अभियंत्यांनी पितळी नळ्यांवर केलेले असेच प्रयोग १८३९ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले होते. हागेन यांच्या मापनांतून त्रिज्येचा घात ४·१२ आला. त्यांनी तो ४ असल्याचे मानले व ते बरोबर ठरले. सैद्धांतिक उपपत्ती मात्र १८६० च्या सुमारास मिळाली.

हागेन-प्वाझय नियमानुसार नळीतून एका सेकंदात जाणारे घनफळ हे टोकांमधील दाबांतराच्या व त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात, तर लांबी व श्यानता यांच्या व्यस्त प्रमाणात असते. चौथ्या घाताचे परिणाम सहज लक्षात येत नाहीत. त्रिज्या १० टक्क्यांनी घटली, तर प्रवाह ३४ टक्क्यांनी घटतो. ती निम्मी झाली, तर प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. एका नळीऐवजी निम्म्या त्रिज्येच्या चार नळ्या बसविल्यास एकूण छेद तेवढाच राहतो. पण सर्व मिळून प्रवाह पूर्वीच्या एकचतुर्थांशच होतो.

अतिरक्तस्राव झालेल्या रुग्णाच्या नीलेत आखूड व रुंद सुई बसवितात, ती याच कारणाने. केवळ दाब वाढवून प्रवाह दुप्पट करावयाचा, तर दाबांतर दुप्पट करावे लागते. उलट सुईचा अंतर्व्यास सु. १९ टक्क्यांनी अधिक असला की तेच साधते. लांब व बारीक नळी मोठ्या नीलेत घातलेली असली, तरी द्रव भराभर देण्यास ती निरुपयोगी ठरते. शरीर स्वतःही हीच युक्ती वापरते. रोहिणिकांच्या भिंतींतील स्नायू किंचित आकुंचन पावले, तरी त्या भागाचा रक्तपुरवठा बराच कमी होतो.

रक्त मात्र हा नियम तंतोतंत पाळत नाही. रॉबिन फोरेउस व टॉर्स्टेन लिंडक्विस्ट यांना १९३१ मध्ये असे आढळले की, नलिकेचा व्यास सु. ०·३ मिमी.पेक्षा कमी झाला म्हणजे रक्ताची भासमान श्यानता घटू लागते. तांबड्या कोशिका नलिकेच्या अक्षाकडे सरकतात व भिंतीलगत रक्तद्रवाचा पातळ थर राहतो. हा थर जणू वंगणाचे काम करतो. ही सवलत नसती, तर हृदयावरील भार वाढला असता. केशवाहिन्यांचा व्यास ५ ते १० मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = मिमी.चा हजारावा भाग) असून सु. ८ मायक्रोमीटर व्यासाच्या कोशिका त्यांतून एकामागून एक, आपला आकार बदलत जातात.

समांतर भिंतींमधील फटींना असाच नियम लागू पडतो. तेथे प्रवाह फटीच्या रुंदीच्या तिसऱ्या घातानुसार बदलतो. दख्खनच्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिल्या पावसाचे पाणी झपाट्याने खाली उतरते. माती फुगून भेगा मिटल्या की, मृत्तिकाकणांमधील सूक्ष्म छिद्रांचीच वाट उरते व शेतात पाणी साचते.

केशनलिकांतील प्रवाह बहुधा स्तरीय (थर एकमेकांत न मिसळणारा) असतो. ०·१ मिमी. व्यासाच्या नळीत पाण्याचा प्रवाह संक्षुब्ध होण्यास सेकंदाला सु. २० मी. वेग लागेल व त्यासाठी दर सेंमी. लांबीमागे सु. ६ वातावरणे इतके दाबांतर द्यावे लागेल. म्हणून शेजारून वाहणारे दोन द्रव केवळ विसरणाने मिसळतात. ०·१ मिमी. अंतर ओलांडण्यास विरघळलेल्या लहान रेणूंना ५ ते १० सेकंद पुरतात, १ सेंमी.साठी हा काळ दहा हजार पट, म्हणजे अर्ध्या दिवसाहून अधिक होतो. रक्ताच्या थेंबावर चाचण्या करणाऱ्या सूक्ष्मनलिकायुक्त पट्ट्यांच्या रचनेत ही गोष्ट कधी सोयीची, तर कधी अडचणीची ठरते.

भिंतीलगतचा थर स्थिर असतो, हे गृहीतही सर्वत्र टिकत नाही. हवेच्या रेणूंचा दोन टकरींमधील सरासरी मार्ग नेहमीच्या दाबाला सु. ०·०७ मायक्रोमीटर असतो. नळीचा व्यास याच्या जवळपास आला किंवा दाब फार कमी केला, तर वायू भिंतीवरून घसरतो. मार्टिन क्नुडसेन या डॅनिश भौतिकीविज्ञांनी १९०९ मध्ये अशा प्रवाहाचे विवेचन केले. द्रवांच्या बाबतीत, कार्बनाच्या अतिसूक्ष्म नलिकांतून पाणी या नियमाने काढलेल्या मूल्यापेक्षा कैक पटींनी जलद वाहते, असे २००५-०६ मधील प्रयोगांत आढळले.