पडद्यावरून गावकीत

सूर आणि सत्ता : लेखांक ६

गेल्या लेखांकात आपण थेट राजकारणात गेलेले संगीतकार पाहिले. बप्पी लाहिरी २०१४ मध्ये पश्चिम बंगालच्या श्रीरामपूरमधून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. इळैयाराजा २०२२ मध्ये राष्ट्रपतींच्या नियुक्तीने राज्यसभेत गेले. आजच्या माणसाने यातली कुठलीच वाट धरली नाही. त्याने गावकी केली. ती कशी, हे समजायला आयर्लंडला जावं लागेल.

१९५९ मध्ये कॉर्क शहराच्या चित्रपट महोत्सवात ‘मिशे एरे’ हा माहितीपट पहिल्यांदा दाखवला गेला. नावाचा अर्थ ‘मी आयर्लंड’. जॉर्ज मॉरिसन यांनी जुन्या बातमीपटांचे तुकडे जमवून तो बांधला होता. १९१६ चा ईस्टरचा उठाव आणि १९१८ ची निवडणूक हा त्याचा गाभा. निर्मिती ‘गेल लिन’ या भाषाप्रेमी संस्थेची. खेळांच्या निकालांवर दर आठवड्याला पैज लावायची एक योजना ती चालवी आणि त्यातून आयरिश भाषेच्या कामाला पैसा उभा करी.

दोन अडचणी होत्या. जुनी चित्रं मुकी होती. आणि निवेदन पूर्ण आयरिशमध्ये असलं, तरी बहुतेक प्रेक्षकांचं आयरिश शाळेत शिकले तेवढंच. १९३७ च्या राज्यघटनेने या भाषेला पहिल्या राजभाषेचा मान दिला खरा, पण घराघरात बोलली जाई ती इंग्रजी. म्हणजे सगळा भार संगीतावर आला. तो उचलला शॉन ओ रिआदा यांनी. वय अवघं अठ्ठावीस. पोलीस सार्जंटचा हा मुलगा जन्माच्या वेळी जॉन रीडी होता. आयरिश नाव त्याने पुढे घेतलं. तेव्हा तो डब्लिनच्या ॲबी थिएटरचा संगीत दिग्दर्शक होता.

त्याने ‘रोशीन दूव’ हे जुनं लोकगीत घेतलं. वरून प्रेमगीत, पण त्यातली सावळी गुलाबकळी म्हणजे आपला देश, असं आयरिश माणूस पिढ्यानपिढ्या मानत आला. ओ रिआदांनी तिचा सूर आधी एकट्या हॉर्नला दिला आणि मग सगळा वाद्यवृंद मागे उभा केला. आजीच्या तोंडची ओवी अचानक भरल्या सभागृहातून घुमावी, तसं लोकांना झालं. १९२२-२३ च्या यादवीने हा देश घराघरात दुभंगला होता आणि त्यांचे दोन मोठे पक्ष त्याच भांडणातून निघाले होते. हा सूर मात्र दोन्हीकडच्यांना आपला वाटला.

एवढं यश मिळालेला माणूस राजधानीत ठाण मांडून बसला असता. ओ रिआदांनी आणखी चित्रपट केले. ‘क्योल्तोरी खूलन’ हा वाद्यवृंद काढून लोकसंगीत मैफलीच्या मंचावर आणलं. त्यातल्याच पॅडी मलोनींनी पुढे जगभर गाजलेला ‘चीफटन्स’ उभा केला. पण १९६३ मध्ये ओ रिआदा कॉर्कच्या विद्यापीठात शिकवायला लागले आणि १९६४ मध्ये बायकामुलांसह कूल ईया या खेड्यात राहायला गेले. हा भाग गेल्टाख्तमधला, म्हणजे जिथे आयरिश अजून रोजच्या बोलण्यात आहे अशा टापूतला.

गावाचं भलं करायचं तर कौन्सिलची निवडणूक का नाही, असा प्रश्न आपल्याला पडेल. उत्तर तिथल्या व्यवस्थेत आहे. आयर्लंडमध्ये काउंटी कौन्सिलचा दैनंदिन कारभार नेमलेल्या मॅनेजरकडे असे. आपल्या महापालिकेत आयुक्त असतो तसा. पोलीस दल देशभराचं एकच. प्राथमिक शाळा बहुतांशी चर्चच्या व्यवस्थापनाखाली. रस्ता करून घ्यायला सदस्याचा उपयोग होता. मुलं कुठल्या भाषेत गातील, हे ठरवणं त्याच्या हातात नव्हतं. ते ठरे शाळेत, घरात आणि रविवारी चर्चमध्ये.

नेमकी तिथेच एक फट पडली. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रार्थनाविधीत लॅटिनच्या जोडीला लोकभाषांना मुभा दिली. लोकभाषा म्हणजे कोणती? कूल ईयाचं उत्तर आयरिश. ओ रिआदांनी गावातल्या पुरुषांचा एक गायकवृंद उभा केला आणि त्यांच्यासाठी आयरिशमधली प्रार्थनागीतं रचली. हे सोपं नव्हतं. तिथल्या जुन्या गायकीला ‘शान नोस’, म्हणजे ‘जुनी रीत’, म्हणतात. ती एकट्याने, साथीशिवाय गायची. प्रत्येकाची हरकत वेगळी, श्वास वेगळा. अशा एकल गळ्यांना एकत्र बांधायचं आणि तरी त्यांचा गावरान बाज घालवायचा नाही, हे आपल्या भजनी मंडळाच्या बुवांना विचारा, किती अवघड असतं ते.

‘मिशे एरे’ने लोकांना अंधारात बसवून देश ऐकवला होता. कूल ईयात त्यांनी ऐकणाऱ्यांनाच गायला उभं केलं. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत राजकीय काम हे दुसरं. भाषा टिकवा असं भाषण करणं निराळं आणि दर रविवारी ती तोंडात ठेवायचं निमित्त देणं निराळं.

३ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या रुग्णालयात ओ रिआदा गेले. वय चाळीस. विशीही न गाठलेला त्यांचा मुलगा पादर गायकवृंदाच्या पुढे उभा राहिला. बापाच्या नावावर मतं मिळतात, हे आपण जाणतोच. इथे वारशात मिळाली ती दर आठवड्याची तालीम, आणि ती त्याने पुढे कित्येक दशकं चालवली.

पुढच्या लेखांकात आपल्या घरचे बाबूजी. १९५४ च्या दादरा-नगर हवेली मुक्तिलढ्यात उतरलेले सुधीर फडके पुढे मुंबईत ग्राहक चळवळीतही रमले. किराणा एकत्र खरेदी करणाऱ्या घरांच्या त्या गावकीची गोष्ट पुढच्या आठवड्यात.